कुलकर्णी आडनावाचं मूळ कुठलं, आणि आजचे कुलकर्णी कुठे कुठे आहेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आडनाव कुलकर्णी, तीन पिढ्या पुण्यात, पण मूळ गाव घरात कुणालाच पक्कं सांगता येत नाही. एक काका म्हणतात आपण विजापूरकडचे, आत्या म्हणते पैठणकडचे. तर या आडनावाचं मूळ गाव कोणतं, सगळे कुलकर्णी एकाच घराण्यातले का, आणि आज एकंदर कुलकर्णी आहेत तरी किती?

मोडी कागद वाचणं आणि घराण्यांच्या वंशावळी लावून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. या कामात सगळ्यांत जास्त विचारणा कुलकर्ण्यांकडूनच होते, आणि ते स्वाभाविकही आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. या आडनावाला एक मूळ गाव नाही, एक मूळ पुरुष नाही, एक गोत्र नाही, एक जातसुद्धा नाही. हे हुद्द्याचं नाव आहे. त्यामुळे स्वतःच्या घराण्याचं मूळ हवं असेल, तर आडनाव बाजूला ठेवायचं आणि "आपल्याकडे कुलकर्ण कोणत्या गावचं होतं?" एवढंच शोधायचं.

हुद्दा काय होता ते पाहू. जुन्या गावगाड्यात कारभार दोघांच्या हाती असे, पाटील आणि कुलकर्णी. वसूल, बंदोबस्त, तंटेबखेडे पाटलाकडे. लिहिणं आणि हिशेब कुलकर्ण्याकडे. कोणत्या कुळाकडे किती जमीन, यंदा लावणी किती झाली, सारा किती बसला, आला किती, थकला किती, हे सगळं त्याच्या दप्तरात. लावणीपत्रक, कुळझाडा, वसूलबाकी, गावचा ताळेबंद हे कागद त्याच्या हातचे. आडनावातलं 'कुल' म्हणजे खानदान नव्हे. ते सारा भरणारं, जमीन कसणारं कुळ. आणि करण म्हणजे लिहिणारा, हिशेबनीस. आंध्र-तेलंगणातला करणम आणि गोवा-कारवारकडचा नाडकर्णी हे याच शब्दाचे भाऊबंद. गावाच्या वर परगणा. तिथे पाटलाच्या जागी देशमुख आणि कुलकर्ण्याच्या जागी देशपांडे.

बहामनी गेली, आदिलशाही-निजामशाही आल्या नि गेल्या, मराठ्यांचं राज्य झालं, पण गावचा कुलकर्णी सहसा हलला नाही. गावचा सारा किती, हे ज्याच्या घरच्या दप्तरात होतं त्याला दुखवणं कोणत्याच राजवटीला परवडणारं नव्हतं. हे वतन वंशपरंपरेचं होतं. त्याबरोबर इनाम जमीन, धान्याच्या रूपातला हक्क आणि सणासमारंभातला मानपान येत असे. पुष्कळ ठिकाणी गावचं जोतिषही याच घरात. म्हणून जुन्या कागदांत "कुलकर्ण व जोतिष" असा जोड शब्द वारंवार भेटतो. आज जोशी असलेलं एक घर आणि कुलकर्णी असलेलं दुसरं घर एकाच मूळ पुरुषाचं निघतं, ते यामुळे. भावाभावांत वाटणी होताना एकाने जोतिष घेतलं, दुसऱ्याने कुलकर्ण.

आता वंशावळीच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. वतन ही मालमत्ता होती. ती वाटली जायची, गहाण पडायची, विकलीही जायची. "निमे कुलकर्ण" विकत घेतल्याचे कागद मी किती तरी वाचले आहेत. दुष्काळात सारा भरता आला नाही, कर्ज झालं, वंशात पुरुष उरला नाही, की अर्धं किंवा पाव वतन दुसऱ्या घराण्याकडे जाई. घेणारा वेगळ्या गोत्राचा, कधी वेगळ्या पोटजातीचाही असे. खरेदीपत्र झालं की तोही त्या गावचा कुलकर्णी, आणि त्याचे वंशजही कुलकर्णी. मुलगा नसेल तेव्हा दत्तक घेतला जाई किंवा वतन मुलीच्या मुलाकडे जाई. म्हणून एकाच गावात दोन कुलकर्णी घराणी असतील तर ती एकमेकांचे भाऊबंदच असतील असं धरून चालू नका. आधी दोघांची गोत्रं विचारा.

वाटणीमुळे दुसरंही एक घडलं. चार भाऊ झाले तर वतनाच्या चार तक्षिमा, म्हणजे हिस्से, पडत. प्रत्यक्ष लेखणी एकाच्या हातात, नाहीतर पाळीपाळीने एकेका वर्षी एकेकाच्या. पण नावापुढे कुलकर्णी चौघेही लावत. पाच-सात पिढ्या हे चाललं की एका लहान गावच्या एका हुद्द्यावर पन्नास घरं उभी राहतात. नुसत्या आजच्या महाराष्ट्रातच चाळीस हजारांच्या आसपास गावं आहेत. एका घराकडे दोन-चार गावांचं कुलकर्ण असे हे धरलं, तरी हजारो स्वतंत्र मुळांपासून हे आडनाव निघालं आहे. आडनाव इतकं पसरलेलं का, याचं खरं कारण हे.

शिवाय हुद्द्याखाली बहुतेक वेळा दुसरं आडनाव दडलेलं असतं. समर्थ रामदासांचं घराणं जांबचं, घरात त्या गावचं कुलकर्ण, पण आडनाव ठोसर. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांकडे आपेगावचं कुलकर्ण होतं अशी परंपरा आहे. हुद्दा आडनावाला कसा गिळतो याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे नाना फडणीस. घराणं भानूंचं, पण पेशव्यांच्या फडावरच्या कामाचं नाव कायमचं चिकटलं. कुलकर्ण्यांच्या बाबतीत हेच गावोगाव घडलं. अठराव्या शतकातल्या कागदात माणूस स्वतःची ओळख "अमुक बिन तमुक, कुलकर्णी, मौजे अमुक" अशी देतो. यातला "मौजे अमुक" हा भाग त्याला कुलकर्णी या शब्दापेक्षा मोलाचा होता. इंग्रजी अमदानीत शाळेचा दाखला, कोर्टाचे कागद, रेल्वे-पोस्टातली नोकरी असं सगळं आलं आणि प्रत्येकाला एक ठराविक आडनाव लावणं भाग पडलं. तेव्हा कुणी गावाला 'कर' जोडून नवं आडनाव घेतलं, कुणी जुनं घराण्याचं नाव टिकवलं, आणि फार मोठ्या संख्येने लोकांनी हुद्दा तेवढा ठेवून गाव गाळलं. तुमच्या घरात गाव विसरलं गेलं ते याच टप्प्यावर. घरातला सगळ्यांत जुना दाखला किंवा खरेदीखत काढून पाहा, मधल्या एखाद्या पिढीच्या कागदावर गाव अजून शाबूत सापडेल.

जातीचं आणि प्रदेशाचं चित्र असं आहे. कुलकर्ण्यांत सर्वाधिक भरणा देशस्थ ब्राह्मणांचा. त्यांत कृष्णाकाठ, सोलापूर, पुणे, सातारा आणि उत्तर कर्नाटकात ऋग्वेदी जास्त, तर नाशिक, खानदेश, मराठवाड्यात यजुर्वेदी माध्यंदिनही भरपूर. विजापूर, बागलकोट, धारवाड, गुलबर्गा या पट्ट्यातले पुष्कळ कुलकर्णी माध्व वैष्णव आहेत, उत्तरादी मठाचे किंवा राघवेंद्र स्वामींच्या मठाचे शिष्य. कर्नाटकात लिंगायत कुलकर्णीही आहेत. दक्षिण कोकणात कऱ्हाडे, गोवा-सावंतवाडी-कारवारकडे सारस्वत, मावळात आणि उत्तर कोकणात काही ठिकाणी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांकडेही कुलकर्ण होतं. चित्पावनांत हे आडनाव कमीच. कोकणात खोती होती आणि चित्पावन घराणी घाटावर मोठ्या संख्येने आली ती पेशवाईत, तोवर देशावरची वतनं बहुतेक वाटली गेली होती. विदर्भात गावच्या हिशेबनिसाला पटवारी म्हणण्याची रीत पडली. तलाठ्याला तिकडे आजही लोक पटवारीच म्हणतात. त्यामुळे तिकडे या आडनावाची दाटी पुणे-सोलापूरइतकी नाही.

कुलकर्णी हे फक्त मराठी आडनाव, असा समज महाराष्ट्रात पक्का बसलेला आहे. तो सोडून द्या. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, भीमा यांच्या खोऱ्यात हे आडनाव जितकं मराठी तितकंच कानडी. जी. ए. कुलकर्णी जन्मले चिकोडीजवळच्या एकसंब्यात, वाढले बेळगावात, इंग्रजी शिकवलं धारवाडला आणि कथा लिहिल्या मराठीत. सुधा मूर्ती माहेरच्या कुलकर्णी, जन्म हावेरी जिल्ह्यातल्या शिग्गावचा. त्यांचे बंधू खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म मात्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. सख्खी भावंडं, आजच्या हिशेबाने दोन राज्यांत जन्मलेली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर मुंबई राज्यातच होते. घरात कानडी बोलणारा कुलकर्णी आणि मराठी बोलणारा कुलकर्णी एकाच कुलदैवताला जातात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता हे लोक गावातून शहरात कसे आले, त्याबद्दल. हा भाग सांगताना पुष्कळ जण घाईने पुढे सरकतात. मला ते पटत नाही. कुलकर्ण्याच्या लेखणीत सत्ता होती आणि तिचा गैरवापर झाला. निरक्षर कुणब्याला बाकी किती हे कळायचा मार्ग नव्हता. लिहिणारा सांगेल ते खरं. 'कलमकसाई' हा शब्द लोकांनी उगाच काढलेला नाही. जोतीराव फुल्यांनी कुलकर्ण्यांवर कोरडे ओढले, आणि शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. आपल्या घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कुलकर्ण्याने ही बाजू गाळू नये. त्याच वेळी, आज आपल्याला गावांचा दोन-तीनशे वर्षांचा जमीन-महसुलाचा इतिहास वाचता येतो तो याच लोकांनी नेमाने दप्तर ठेवलं म्हणून, हेही तितकंच खरं.

इंग्रजांनी वतनं एकदम काढली नाहीत. १८७४ च्या वतन कायद्याने त्यांची नोंद करून प्रत्येक वतनात काम करणारा प्रतिनिधी वतनदार ठरवण्याची पद्धत घातली. कुलकर्ण्यांची मुलं एव्हाना पुणे, बेळगाव, धारवाडच्या शाळांत जाऊ लागली होती. लिहिण्याचा वारसा घरचाच, त्यामुळे कारकुनी, मास्तरकी, वकिली इकडे त्यांचा ओढा आधीपासून होता. पण गाव खऱ्या अर्थाने सुटलं ते दहा वर्षांत. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली आणि अनेक कुटुंबं रातोरात बाहेर पडली. मुंबई राज्याचा कुलकर्णी वतन निर्मूलनाचा कायदा १९५० चा. तो १ मे १९५१ पासून लागू झाला आणि हुद्दा संपला. मागोमाग कुळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि दुसऱ्याने कसलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर जायला लागली. घर गेलं, हुद्दा गेला, जमीन गेली. उरलं ते आडनाव आणि शिक्षण. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथला क्रम थोडा वेगळा, पण शेवट तोच.

म्हणून आजचा कुलकर्णी मुख्यतः शहरी आहे. पुणे, ठाणे-डोंबिवली, मुंबई, नाशिक, सांगली-मिरज, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, बेळगाव, हुबळी-धारवाड, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत बंगळूर. हैदराबादेत जुने कुलकर्णी निजामाच्या काळापासूनचे. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, बडोदा इथले मराठी सरदारांबरोबर गेलेले. परदेशातला ओघ मुख्यतः अमेरिकेकडे. तिथला स्थलांतराचा कायदा १९६५ मध्ये बदलला, शिकलेल्या माणसांना दार उघडलं आणि आधी डॉक्टर-इंजिनिअर, नंतर संगणकवाले गेले.

एकंदर किती, याचं उत्तर मी आकड्यात देणार नाही. भारताची जनगणना आडनावांचे तक्ते छापत नाही. इंटरनेटवर "जगात इतके लाख कुलकर्णी" असे आकडे दिसतात, ते मतदारयाद्या, फोनच्या याद्या अशा तुकड्यांवरून बांधलेले अंदाज असतात. त्यांतली अडचण जाणून घ्या. दक्षिणेकडच्या याद्यांत आडनाव गाळून नुसतं आद्याक्षर लावलेलं असतं. एकच आडनाव कुलकर्णी आणि कुळकर्णी असं दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. लग्नानंतर निम्म्या नोंदी एका आडनावातून दुसऱ्यात जातात. अमेरिकेचं जनगणना खातं मात्र शंभर किंवा अधिक माणसांचं प्रत्येक आडनाव मोजून यादी देतं. २००० आणि २०१० च्या याद्या खुल्या आहेत आणि त्यांत कुलकर्णी आहे. भारतासाठी हाती लागेल असं एकच प्रामाणिक साधन आहे: तुमच्या तर्कातल्या तालुक्याच्या गाववार मतदारयाद्या उघडा आणि कुलकर्णी कोणत्या गावांत आहेत ते बघा. शोधाला त्याचा उपयोग मोठ्या आकड्याहून कितीतरी जास्त. दाटी केवढी आहे हे कळायला आकडा लागतही नाही. मराठीत एकाच काळात सोनाली कुलकर्णी नावाच्या दोन नामवंत अभिनेत्री आहेत, एवढं पुरे.

आता तुमचं घराणं कसं शोधायचं ते.

पहिल्यांदा गोत्र, कुलदैवत, कुलदेवी आणि घरचा कुळाचार लिहून काढा. नवरात्र कसं बसतं, बोडण भरतात का, चंपाषष्ठीला तळी उचलतात का, एकादशी किती कडक, गोपीचंदनाच्या मुद्रा लावण्याची रीत होती का. तुमच्या काकांचं विजापूर आणि आत्याचं पैठण यांतला निवाडा बहुधा इथेच लागेल. घर माध्व वैष्णव असेल तर काकांचं पारडं जड. माध्यंदिन शाखा असेल तर आत्याचं. फक्त गोत्रावर विसंबू नका. काश्यप, भारद्वाज, वसिष्ठ ही गोत्रं शेकडो घराण्यांची आहेत.

दुसरं, तीर्थक्षेत्रं. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसाचं नाव, बाप, आजा, भाऊ आणि मुख्य म्हणजे गाव लिहिलेलं असतं. उपाध्ये वही शोधतात ती गावाच्या नावावरून. म्हणून एक गाव अंदाजाने तरी हाती घेऊन जा.

तिसरं, महसुली कागद. गाव कळलं की तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार मागा. वतन गेल्यावर जमीन पुन्हा वतनदाराला दिली गेली असेल तर १९५१ नंतरच्या एखाद्या फेरफारात "कुलकर्णी वतन" आणि "रिग्रँट" हे शब्द सापडतात, आणि बहुतेक वेळा त्याच नोंदीत हिस्सेदारांची नावं नात्यासकट असतात. हा एक कागद मिळाला तरी तीन पिढ्या एकदम उभ्या राहतात. त्याच्या मागे जायचं तर प्रतिनिधी वतनदारांच्या नोंदी, आणि त्याच्याही मागे पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दप्तर आणि इनाम कमिशनचे, म्हणजे इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजी आयोगाचे रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. कोल्हापूरकडच्यांनी कोल्हापूरचं पुरालेखागार पाहावं.

रुमालात तुमच्या कामाचे कागद दोन: महजर आणि करिना. वतनाचा तंटा पडला की गोतसभा, म्हणजे गावकरी-वतनदारांची न्यायसभा, बसे, तिच्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्याखाली गावातल्या पाटील-बलुतेदारांच्या साक्षी आणि निशाण्या असतात: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, महाराचा विळा-दोर. करिना म्हणजे वादी-प्रतिवादीने लिहून दिलेली हकीकत. साधारण मजकूर असा चालतो: आपले मूळ पुरुष अमुक, त्यांस पुत्र तिघे, वडील अमुक, मधला अमुक, तो निपुत्रिक वारला, धाकटा अमुक, त्याचा वंश आपण. तंटा जितका जुना आणि जितका चिवट तितकी वंशावळ लांब. आपल्या पूर्वजांत भाऊबंदकी निघाली तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या शोधाला ती वरदान आहे.

कागदावरचा काळ इसवी सनात नसतो, सुहूर सनात असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला. "इसन्ने खमसैन मया व अलफ" दिसलं तर इसन्ने दोन, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११५२. त्यात ५९९ मिळवा: इसवी १७५१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, तेव्हा जानेवारीपासून मेअखेरपर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवायचे. एवढा हिशेब न केल्यामुळे एका पिढीचं अंतर चुकलेल्या वंशावळी माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

आणि एक विनंती. वंशावळ लिहाल तेव्हा त्यात मुलींची नावं घाला. जुन्या कागदांत त्या नाहीत, कारण ते वतनाचे कागद होते. तुमच्यापुढे आता वतनाचा प्रश्न नाही. कुणाची मुलगी कोणत्या गावी दिली हे कळलं की गावाचा माग लागतो. देशावर सोयरीक पूर्वी दोन-चार मुक्कामांच्या आतच होत असे. तेव्हा आत्याला फोन कराल त्या वेळी तिच्या आत्यांची सासरं कोणती होती, हे आधी विचारा आणि ती गावं नकाशावर मांडा. मूळ गाव बहुतेक वेळा त्यांच्याच आसपास सापडतं.